पश्चिमेचे दगड

गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून मला एक खोड लागली आहे. कुणाच्याही घरी गेले आणि वर पत्रा असला, की मी आधी वर बघते. चहाचा कप पुढे करत लोक विचारतात, "काय हो, जाळं लागलंय का?" मी नाही म्हणते. निघताना मात्र अंगणात थांबून, मान उंच करून, पत्र्यावर काय ठेवलंय ते बघतेच. दगड दिसला की त्या पत्र्याखालून आधी बाजूला होते. पन्नाशी उलटलेली, सगळा जन्म कोल्हापुरात काढलेली, रिक्षावाल्याशी आणि भाजीवालीशी एकाच दमात भांडणारी बाई मी, आणि दगडाला भिते. हसायचं तर हसा, पण आधी सगळं वाचा.

आमच्या घरात वळवावर लक्ष ठेवायचं खातं नवऱ्याकडे आहे. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात. हे ढगांच्या मागे लागले. चैत्र सुरू झाला की यांच्या मोबाईलवर नकाशे उघडतात. एका नकाशात पाऊस रंगांत दिसतो, हिरवा, पिवळा, लाल. दुसऱ्यात वीज पडेल तिथे पांढरा ठिपका लुकलुकतो. दुपारी जेवण झालं की हे झोपाळ्यावर बसून आत मला बातम्या पुरवत राहतात. "निपाणीवर चढला बघ. लाल झालाय." मी म्हणायचे, "आपल्या गॅलरीत आला की सांगा, कपडे काढते." चेष्टा करायचे खरी, पण गेली काही वर्षं माझं वाळवण एकदाही भिजलं नव्हतं. सांडगे, कुरडया, चटणीच्या मिरच्या, सगळं वेळेवर आत. तोंडाने टोमणे मारत असले तरी त्या नकाशावर माझाही विश्वास बसला होता.

यांचा जीव मात्र गावाकडच्या घरात. राधानगरी रस्त्याला, धरणाच्या अलीकडे आमचं गाव. तिथे थोरले दीर आणि जाऊबाई राहतात. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांचा ऊस आहे, भात आहे, दुधाच्या म्हशी आहेत. ढग दिसला रे दिसला की हे दादाला फोन लावणार, आणि दिरांचा आवाज एवढा की पलीकडून बोललेलं मला स्वयंपाकघरात ऐकू येणार. "येऊ दे की! हितं काय हुत न्हाय. आमी पावसातच जल्मलोय!"

त्यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. त्या भागातल्या माणसाला पावसाचं कौतुक उरलेलं नाही. आषाढात गगनबावड्याच्या अंगाने जो सुरू होतो तो दिवसचे दिवस थांबत नाही. अंथरुणं ओलसर राहतात, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. म्हणून तिथलं घर त्या पावसाला धरूनच बांधतात. तो पश्चिमेकडून येतो, मग पश्चिमेला खिडकी ठेवायची नाही. जळण पूर्वेच्या भिंतीला रचायचं. पत्र्याला स्क्रू मारायचे ते अगदी मोजके, कारण भोक पडलं की चार महिने तिथूनच गळणार. त्यापेक्षा पत्र्याच्या पश्चिमेच्या कडेवर ओळीने दगड ठेवायचे. दगडाने पत्रा गळत नाही आणि उडतही नाही. सासऱ्यांनी तसंच केलं, त्यांच्या वडिलांनी तसंच केलं असणार, आणि गावात दगड नसलेला पत्रा शोधून सापडला नसता.

गेल्या वर्षी अक्कांची लेक, म्हणजे माझी पुतणी, बाळंतपणाला माहेरी आली. कोल्हापुरातल्या दवाखान्यात तिला मुलगा झाला आणि बाळाला घेऊन ती गावी गेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं मूल. मध्ये दोनदा आशा लागून गेली होती. त्यामुळे बाळाचं पोट खालीवर होतंय का, हे बघायला अक्का झोपेतून उठायच्या. आणि थोरले दीर! ज्या माणसाने गोठ्यातल्या चिखलाच्या पायांनी माजघरात यायची सवय जन्मभर सोडली नाही, तो माणूस नातवाच्या दाराशी चपला काढून, हातपाय धुऊन, पंच्याला पुसून मग आत पाऊल टाकायचा. बाळ मांडीवर असलं की त्यांचा आवाज खाली यायचा. अक्का म्हणायच्या, तेवढाच वेळ गावाला शांतता.

बाळ-बाळंतिणीसाठी दिरांनी अंगणापलीकडे नवी खोली बांधून घेतली होती. विटांच्या भिंती, खाली फरशी, वर कोरे पत्रे. खोलीची मागची भिंत पूर्वेला आणि उंच. उकाडा बाहेर जावा म्हणून त्या भिंतीत आणि पत्र्यात वीतभर फट ठेवलेली. उतार पुढे, पश्चिमेला, अंगणाकडे. मागे नुसतं मोकळं रान, ऊस तुटून गेलेला. पश्चिमेच्या कडेवर रीतसर दगडांची ओळ.

बारशाच्या दिवशी सकाळी यांनी चहा घेताघेताच मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. ऑरेंज अलर्ट. दुपारनंतर गारांसह वादळ. बेळगावच्या बाजूला सकाळीच ढग धरलेले दिसत होते. आम्ही बारशाचं सामान गाडीत टाकून लगेच निघालो. वाटेत यांनी एवढे फोन केले की मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मीच एकेकाला लावून देत बसले.

गावात पोचताच यांनी कारभार हातात घेतला. बारसं संध्याकाळी होतं ते दुपारीच करायचं ठरलं. मांडवाचं कापड उतरवलं. आंब्याखाली बांधलेल्या म्हशी गोठ्यात नेल्या, कारण झाडाखाली वीज पडते. टीव्हीच्या पिना काढल्या. बारसं खरं तर जुन्या घराच्या पुढच्या सोप्यात व्हायचं होतं, पण जुनं घर कौलारू. गारांनी कौलं फुटतात, फुटकी कौलं डोक्यात पडतात. म्हणून यांनी फर्मावलं, बारसं नव्या खोलीत करा, पत्र्याखाली. सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला नवऱ्याचा अभिमान वगैरे वाटला.

मग हे अंगणात उभे राहून मोबाईल दाखवायला लागले. "हे बघा, असा येणार," म्हणत पडद्यावर बोट उजवीकडून डावीकडे ओढत होते. दिरांनी बघितलं. जावयांनी, म्हणजे बाळाच्या वडलांनी, बघितलं. मीही बघितलं. उजवीकडून डावीकडे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"वाऱ्याला जोर असंल न्हवं?" दीर म्हणाले.

"लई असंल, दादा."

"मंग अजून वजन ठेवतो की."

घरामागच्या परड्यात जुन्या जात्याची तळी, म्हणजे खालचा जड दगड, पडलेली होती. माझ्या सासूबाईंचं जातं. वरचा दगड कधीच फुटून गेला होता, खालची तळी तेवढी राहिली होती. दिरांनी ती उचलून खांद्यावर घेतली तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. जावई धरायला धावले.

"सरा पावणं," दीर म्हणाले. "नातवाच्या डोस्क्यावरचं काम हाय. कच्चं ठेवायचं न्हाय."

शिडीवरून ते एकटेच चढले. पश्चिमेच्या कडेवर, दगडांच्या ओळीत मधोमध, त्यांनी ती तळी बसवली. खाली उतरून काठीने पत्रा ठोकला. जरासुद्धा थरथरला नाही. "बगा, हाललं का?" असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले, आणि माझ्याकडे बघून ते सहसा हसत नाहीत. जिथे वजन जास्त तिथे पत्रा पक्का, म्हणून पाळणाही खोलीच्या त्याच बाजूला, त्या तळीच्या बरोबर खाली, लोखंडी पाइपला टांगला. दोरी घट्ट आहे का ते दिरांनी स्वतः लोंबकळून बघितलं.

बारसं सुरू झालं तेव्हा खोलीत नुसत्या बायका. दार-खिडकी लावून घेतलेली, बाळाच्या डोळ्यात धूळ जायला नको म्हणून. पंखा गरम वारा फिरवत होता आणि घुगऱ्यांच्या, उदबत्तीच्या वासाने जीव घुसमटत होता. बाळ त्याच्या आत्याच्या मांडीवर होतं. गडहिंग्लजकडची, अंगाने बारीक, फार न बोलणारी मुलगी. बाळाच्या कानात नाव तिनेच सांगायचं होतं.

आमच्यात बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात. स्वयंपाकघरातला, वाटणाचा, काळा कुळकुळीत वरवंटा. त्याला धुऊन, हळदकुंकू लावून, टोपडं चढवतात, दुपट्यात गुंडाळतात आणि बाळासारखं जोजवत पाळण्यात निजवतात. बाळ तसं दणकट व्हावं, म्हणून. मग बाळाला पाळण्याखालून आणि वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात आणि शेवटी वरवंट्याशेजारी ठेवतात. हल्ली शहरात हे सगळं फोटोपुरतं उरलंय. अक्कांचं तसं नाही. वरवंटा प्रत्येक बाईच्या ओटीत गेला पाहिजे, प्रत्येकीने त्याला कुरवाळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यात टोपडं सारखं निसटत होतं. ते पुन्हा बांधायचं, पुन्हा हसायचं. पुतणी थकून भिंतीला टेकली होती.

बाहेरून यांचा आवाज आला. "आवरा गं! मुरगूडच्या पलीकडं हाय अजून, पन आवरा! बाळ घाला पाळण्यात आनि मोकळ्या व्हा!"

"घाला हो अक्का," मीही म्हणाले. मला उकाड्याने चक्कर यायची बाकी होती.

"ढगाला थांब म्हनावं," अक्का म्हणाल्या. "रीत म्हंजी रीत."

आणि त्यांनी वरवंटा पाळण्यात ठेवून दुपटं गळ्यापर्यंत सारखं केलं, अगदी लेकराला करावं तसं.

मुरगूडच्या पलीकडे असलेला ढग आमच्या डोक्यावर आलेला होता. यांच्या मोबाईलची रेंज केव्हाच गेली होती आणि हे मघाचाच नकाशा बघत होते, हे आम्हाला नंतर कळलं. खोलीत पंखा थांबला. दिवा गेला. बंद दाराआड इतका अंधार झाला की शेजारचीचं तोंड दिसेना. कुणीतरी किंचाळलं, कुणाचा तरी पाय घुगऱ्यांच्या पातेल्यात गेला. "बाळ! बाळ घ्या गं!" असं दोघी-तिघी एकदम ओरडल्या, आणि बाळ कुणी घेतलं ते कुणालाच कळलं नाही.

वारा आला तो पुढून नाही, मागून.

मागच्या भिंतीवरच्या फटीतून तो आत शिरला आणि डोक्यावरचं छप्पर फुगलं. मला ते दिसलं नाही, कानांना कळलं. कानात दडे बसले. मग स्क्रू सुटायचे आवाज आले, टण, टण, टण. पूर्वेच्या कडेवर एकही दगड नव्हता. एक पत्रा त्या कडेने उचलला गेला, उभा राहिला आणि मधोमध दुमडला. पश्चिमेची कड दगडांच्या ओझ्याने जागची सुटली नाही, नुसती आत कलली. एकदम पांढरा उजेड खोलीत पडला आणि त्याच उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत, जात्याची तळी घसरगुंडीवरून यावी तशी आत आली. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. लाकूड मोडल्याचा झाला.

पाळण्याची एक बाजू तुटून लोंबत होती. आत तळी होती. तळीखाली पिवळं दुपटं आणि टोपड्याची किनार.

पुतणीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही. ती पाळण्यावर पडली. दिरांना खांद्यावर घेताना जड गेलेली ती तळी तिने एका हाताने बाजूला ढकलली, बाराव्या दिवसाच्या बाळंतिणीने, आणि टोपड्यासकट ते गाठोडं छातीशी धरलं. गाठोड्यातून काहीतरी निसटून फरशीवर आपटलं. वरवंट्याचा अर्धा तुकडा होता तो. तिला ते कळलं नाही. ती उरलेला तुकडा तसाच छातीशी धरून हलत होती. मला वरवंटा दिसत होता, मला कळत होतं की हा वरवंटा आहे, आणि तरीही बाळ कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. मी, जिचं तोंड मिटावं म्हणून घरचे नवस बोलतील, ती मी तोंड उघडून नुसती उभी होते.

तेवढ्यात पूर्वेच्या भिंतीकडून, लोखंडी कॉटच्या खालून, बाळ रडलं.

आत्या त्याला घेऊन कॉटखाली शिरली होती. अंधार झाला तेव्हा कुणालाही न विचारता, कुणाचंही न ऐकता ती आपली आत सरकली होती. बाळाला पोटाशी घेऊन ती एवढी घट्ट आवळून बसली होती की तिचे हात सोडवायला आम्हाला दोघींना जोर लावावा लागला.

मग गारा आल्या. आम्ही पदराखाली बाळ झाकून अंगण ओलांडलं आणि जुन्या घरात गेलो. पाठीवर गारांचे फटके बसत होते आणि मला ते बरे वाटत होते. कौलं फुटली, थोडी. सोप्यात दोन ठिकाणी पाणी ठिपकलं. ज्या घरातून आम्ही धोका म्हणून बारसं हलवलं होतं त्या घराला तेवढंच झालं. अक्कांनी बाळाला पुतणीच्या मांडीवर ठेवलं आणि आत्याला म्हणाल्या, "नाव सांग. आत्ता सांग." आत्याने कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. कौलांवर गारांचा एवढा आवाज होता की आम्हाला कुणाला ऐकू गेलं नाही. एरवी नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. कुणाचा हात उठला नाही.

दीर तेवढा वेळ गोठ्यात बुजलेल्या म्हशी धरून होते. त्यांना काही माहीत नव्हतं. गारा थांबल्यावर ते अंगणात आले, नव्या खोलीचं उघडं छप्पर त्यांनी पाहिलं आणि धावत आत गेले. मी मागोमाग गेले, आधी सांगावं म्हणून. पाळण्याजवळ ते थांबले होते. तळी पाळण्याच्या मोडक्या फळीवर कलंडलेली होती, शेजारी टोपडं पडलेलं होतं.

"बाळ बरं आहे," मी घाईघाईने म्हणाले. "आत आहे. काही लागलेलं नाही त्याला."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. तळीच्या मधल्या खुंट्याच्या भोकावरून त्यांनी बोट फिरवलं. लहानपणापासून बघितलेला दगड, ओळखायला काय वेळ लागणार? "ह्यो म्या ठेवला," ते म्हणाले. आवाज इतका खाली की बाळ मांडीवर असतानाही तेवढा मी ऐकला नव्हता.

मग ते बाहेर गेले आणि गोठ्याला शिडी लावून वरचे दगड खाली टाकायला लागले. जावयांना जवळ येऊ दिलं नाही. भिजत, एकटेच, एकेक दगड लांब परड्यात फेकत राहिले. हे अंगणात मोबाईल हातात धरून उभे होते. रेंज आली होती. नकाशावरचा लाल पट्टा आमच्या गावावरून पुढे सरकत होता, आणि यांचं बोट पडद्यावर पुन्हा पुन्हा उजवीकडून डावीकडे जात होतं.

"अगं, पूर्वेकडनं येत होता," हे मला म्हणाले. "सकाळपासनं दिसत होतं. मीच सगळ्यांना दाखवलं."

मला त्यांना काहीतरी जोरात बोलायचं होतं. पण मीही बघितलं होतं, जावयांनी बघितलं होतं, दिरांनी बघितलं होतं. वळीव पूर्वेकडून येतो हे शाळेतलं पोरही सांगेल. तो कधी येणार, किती येणार, गारा असणार का, सगळं आम्हाला ठाऊक होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दगड ठेवले ते आषाढातल्या पावसासाठी. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. काही माहीत नव्हतं असं झालं असतं तर मनाची समजूत तरी घालता आली असती.

वरवंट्याचे दोन्ही तुकडे अक्कांनी धुतले आणि त्याच पिवळ्या दुपट्यात गुंडाळले. दुसऱ्या दिवशी भोगावतीला जाऊन नदीत सोडले. "पोराच्या वाटचं त्यानं घेतलं," एवढंच म्हणाल्या आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसल्या.

त्या दिवसापासून थोरल्या दिरांनी नातवाला हात लावला नाही.

सुरुवातीला आमच्या ध्यानात आलं नाही. पुतणी म्हणायची, "आबा, घ्या की याला जरा." ते म्हणायचे, "हात वले हाईत." हात कोरडे असले तर गोठ्यात काम निघायचं. बाळ सासरी जायला निघालं त्या दिवशी ते शेतावर गेले ते गाडी गेल्यावरच परतले. दिवाळीला लेक आली तेव्हा दारातून बाळाकडे बघत उभे राहिले, बघता बघता नजर वर छपराकडे गेली, आणि निघून गेले. पुतणीला ते फार लागलं. ती माझ्याजवळ रडली. "काकी, माझ्या पोरानं काय केलंय?" तिला काय सांगणार? अक्कांनी एकदा तोंडावर विचारलं तर म्हणाले, "माझ्या हातात त्येला दिऊ नगंस." आणि विषय तोडला.

नव्या खोलीवर त्यांनी पत्रे पुन्हा घातले. या वेळी चारी बाजूंनी, हातभर अंतरावर स्क्रू. पावसाळ्यात खोली इतकी गळली की अक्कांनी घरातली सगळी भांडी तिथे मांडली आणि बडबडत राहिल्या. दीर म्हणाले, "गळू दे."

यांनी नकाशे बघणं सोडलं नाही. फक्त आता रस्त्याने जाताना कुठल्या पत्र्यावर दगड दिसला की गाडी थांबवतात. उतरून घरमालकाला गाठतात, हात जोडून सांगतात. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात. एकाने तर तोंडावर विचारलं, "पावणं, दगूड काढतो. पत्रं उडालं तर तुमी येऊन बसनार काय वर?" आम्ही गाडीत येऊन बसलो तेव्हा तो माणूस दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोक्यावर पश्चिमेच्या कडेला दगडांची ओळ होती.

या मे महिन्यात पुतणी महिनाभर माहेरी आली. पोरगं आता भिंतीला धरून चालतं. एका दुपारी इशारा आला आणि आम्ही दोघं कोल्हापुराहून जाऊन गावात थांबलो. दगड ठेवायचे नव्हते, त्यामुळे काम फारसं नव्हतं. म्हशी आत घेतल्या, पिना काढल्या आणि सगळे जुन्या घराच्या सोप्यात बसलो. दीर लांब, खांबाला टेकून, हात मांडीखाली घालून बसले होते. वारा पूर्वेकडून सुरू झाला.

पहिली वीज कडाडली आणि पोरगं दचकून उठलं. आई हाताच्या अंतरावर होती, तिच्याकडे गेलं नाही. अक्कांनी हात पसरले, त्यांच्याकडेही नाही. भिंतीला धरत, मध्येच भिंत सोडून झोकांड्या खात ते थेट खांबापाशी गेलं आणि त्याने आजोबांचा गुडघा धरला.

दिरांनी हात बाहेर काढले नाहीत. "हिला बोलवा कुनीतरी," ते म्हणाले, म्हणजे पुतणीला. पुतणी जागची हलली नाही. आम्ही कुणीच हललो नाही.

पुन्हा कडाडलं, या वेळी अगदी जवळ. पोराने गुडघा सोडून त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. तेव्हा त्यांनी हात काढले. त्याला उचलून मांडीवर घेतलं, एका हाताने पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा पसरून त्याच्या डोक्यावर धरला, टेकवला नाही, वर धरला. नजर कौलांकडे. पोराने तोंड बाहेर काढलं, आजोबा कुठे बघतात ते बघितलं आणि तेही वर बघायला लागलं.

"काय न्हाय वर," दीर त्याला म्हणाले. "काय न्हाय बाळा. बग. काय सुदीक न्हाय."

पाऊस थांबेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.